नसीम आपाच्या मातीच्या बाहुल्या

दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात होते, तेव्हा भाचीचा, सनाचा फोन आला. "खाला, मम्मी इज गॉन," एवढंच म्हणाली. मी अल ऐनला पोहोचेपर्यंत माझ्या थोरल्या बहिणीला, नसीम आपाला दफनासाठी नेलंही होतं... शेवटचं पाहणंसुद्धा नशिबात नव्हतं.

आपा निकाहानंतर रत्नागिरीहून अल ऐनला आली. शेजारी एक मेक्सिकन नर्स राहायची. तिच्या गावाकडे वेण्यांत रंगीत फिती गुंफलेल्या कापडी बाहुल्या करतात. तिची आई तशाच बाहुल्या मातीत घडवून, भाजून भिंतीवर लावायची. नर्सनं ते आपाला शिकवलं. ती मायदेशी परतली, तरी आपाच्या बाल्कनीत बाहुल्या सुकत राहिल्या.

मग दुबईतल्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटची ऑर्डर आली. अख्खी भिंत! आपा महिनोन् महिने खपली. बाहुल्या भाजायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या भट्टीत न्यायच्या, तर प्रत्येक खेपेला त्या मांडीवर घेऊन बसायची. बाहुल्या भिंतीवर लागल्यावर आम्ही सगळे तिथं जेवायला गेलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं बाहुल्यांबद्दल विचारलं. वेटर म्हणाला, थेट मेक्सिकोहून आणल्यात. आपा वळून शांतपणे म्हणाली, "नाही, या मी केल्यात."

मॅनेजर लगबगीनं आला. गिऱ्हाइकांसमोर असं बोलू नका, म्हणाला. आपानं नवऱ्याकडे, दुल्हाभाईंकडे पाहिलं. त्यांनी मेन्यूतून मान वर केली नाही. "जाऊ दे ना, नसीम. काम झालं, खलास. तमाशा नको."

त्यानंतर तिनं मातीला हात लावला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "हॉटेलवाले परकेच गं. ह्यांना तर ठाऊक होतं..."

आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दुल्हाभाई मोबाइलवर त्या भिंतीचे फोटो दाखवतात. माझ्या मिसेसनं स्वतःच्या हातांनी केलंय, म्हणतात. लोक माना डोलावतात. सना उठून आत जाते.

ऑर्डरीतून उरलेल्या मातीची एक बाहुली आपानं घरासाठी घडवली होती. ती तशीच कच्ची राहिली. परवा दुल्हाभाई म्हणाले, भाजून आणू, हॉलमध्ये लावू.

"नो, पापा," सना म्हणाली. "शी स्टॉप्ड देअर. लीव्ह इट."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

बाहुली बाल्कनीतच आहे. सगळीकडे वाळूचा थर साचलाय. पण पाणी लागलं तर ती विरघळेल, म्हणून सना बाल्कनी धूत नाही.