स्पेनचा किनारा, रावेर तालुका

लग्नाच्या पंगतीत पितांबरने तोंड उघडलं आणि पुढचे सहा-सात महिने कुंदाच्या डोक्याला ताप झाला.

झालं असं, की कुंदाच्या जळगावच्या मैत्रिणी जिलबी वाढता वाढता नवरदेवाला छेडत होत्या. "काय भाऊजी, हनिमूनला कुठे? माउंट अबू की उटी?" त्या साली केळीला भाव बरा होता, आणि पितांबरच्या अंगात तो भाव आला होता. तो म्हणाला, "स्पेन. तिथला समुद्रकिनारा आणि मग बेटं." मैत्रिणींच्या हातातली जिलबी तशीच राहिली. कुंदाने मान खाली घातली खरी, पण तिच्या मनात तिथल्या तिथे एक समुद्र भरून आला.

तिला त्या समुद्राची गरज का होती, हे सासरी आल्यावर आठवड्याभरात कळलं. रावेरजवळच्या त्या घरात तशी माणसं फार नव्हती. सासरे जीवराम आबा, सासू बेबाबाई, आणि आबांची बहीण भिकुआत्या. पण घरातलं एकुलतं एक लोखंडी कपाट नव्या जोडप्याच्या खोलीत होतं. पासबुकं त्यात, चांदीची भांडी त्यात, आत्याच्या गुडघ्याचं तेल त्यात, खतांच्या पावत्याही त्यातच. दाराला कडी होती, पण ती लावायची सोय नव्हती. पितांबर "कुंदा, ऐक ना" म्हणाला रे म्हणाला, की बाहेरून हाक यायची, "कुंदे, कपाट उघड वं जरा!" त्या हाकेपुढे कुंदाची कितीतरी वाक्यं अर्धवट राहिली. बी. ए.ला मराठी वाङ्मय घेतलेली मुलगी, पण सासरी तिला पूर्णविराम म्हणून मिळेना.

म्हणून तिने स्पेन मनावर घेतलं. जळगावला माहेरी गेली, की ती सुकदेव पाटलांच्या ऑफिसात जाऊन बसायची. पाटील मूळचे काशी-रामेश्वरच्या बसवाले. नुकतेच परदेशाच्या सहली करू लागले होते. त्यांच्याकडून तिने रंगीत माहितीपत्रकं आणली. पांढरीशुभ्र घरं, निळं पाणी, मायोर्का नावाचं बेट. किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरायचं, बोटीने बेटावर जायचं, तिथे चार दिवस नुसतं बसायचं. नुसतं बसायचं, हे तिला सगळ्यात आवडलं होतं.

पण जायचं कधी?

"जूनमध्ये?" "जूनमध्ये केळीच्या मृगबागेची लागवड." "मग सप्टेंबर?" "तेव्हा केळीच्याच दुसऱ्या बागेची, कांदेबागेची. तू शेतकऱ्याच्या घरात आली आहेस, कुंदा." "डिसेंबर?" "थंडीत बागेला जपावं लागतं." "फेब्रुवारी?" "बाग निसवून घड धरलेले असतात, तेव्हा घरचं माणूस लागतं." कुंदा कपाळावर हात मारून घ्यायची. कापूस निदान वेचून संपतो, गहू कापून संपतो. केळी संपतच नाही. एक खोड पडलं, की शेजारी त्याचं पिल्लू उभं.

त्यातून पितांबरला मायोर्का पसंत पडेना. माहितीपत्रक उलटसुलट करून तो म्हणायचा, "ही बेटं जवळची आहेत गं. आणखी लांब, आफ्रिकेच्या बाजूला कॅनरी बेटं आहेत, स्पेनचीच. ज्वालामुखीची. तिथे जाऊ." कुंदाला वाटलं, नवरा आपल्यापेक्षाही रसिक निघाला. ज्वालामुखीच्या पायथ्याशी दोघंच! तिने मायोर्कावर पाणी सोडलं.

मग एक दिवस दोघं मिळून पाटलांकडे गेले. पाटलांनी चहा मागवला आणि हॉटेलची चित्रं पुढे केली. "ही खोली बघा वहिनी, खिडकीतून समुद्र." पितांबरने चित्राकडे पाहिलंही नाही.

"बागा हॉटेलपासून किती लांब आहेत?"

"कसल्या बागा?"

"केळीच्या. मासिकात वाचलं मी. डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून केळी लावतात. आपल्या बसराईच्याच जातीची! वाऱ्याला अडवायला भिंती आहेत. पाटील, कापणी बघायला मिळेल अशी तारीख धरा."

कुंदाने कप बशीत ठेवला. "म्हणजे सात समुद्र ओलांडून आपण केळी बघायला चाललोय?"

"सात कुठे? आणि दोनच दिवस बघू. फार तर तीन."

"तुम्ही घोड्यावर बसला होतात ना, तेव्हाही मांडवाचे केळीचे खांब मोजत होतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

पाटील हसू दाबायला खोकले. परतीच्या एसटीत कुंदा फैजपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर दोन्ही बाजूंना केळीच केळी. राग काढायलाही दुसरीकडे जागा नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण पितांबरने ती बसराईची गोष्ट आबांना सांगितली, आणि संध्याकाळी आबा ओट्यावरून आत आले ते टोपी सारखी करतच.

"सूनबाई, मीबी येतो. बाग पाहून लगेच वापस."

"आबा, स्पेनहून लगेच वापस येता येत नाही."

"मंग राहू तुमच्यासंगं. मले काय, एक कोपरा पुरते."

बेबाबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "हे तिथं खातीन काय? मले यावंच लागीन. कळण्याच्या भाकरीचं पीठ घेऊ, बिबडे-पापड घेऊ."

"आन् मी काय एकटी भिंतीसंगं बोलू?" भिकुआत्या म्हणाल्या. "मले समुद्र पाह्यचा हाये. मरायच्या आधी."

कुंदाच्या डोळ्यांसमोर ती खिडकीवाली खोली आली. खिडकीत बिबडे वाळत घातलेले, कोपऱ्यात आबा, आणि आत्या हाक मारतायत, "कुंदे, बॅग उघड वं जरा!" तिने पितांबरकडे पाहिलं. तो लाजत म्हणाला, "घरचीच तर माणसं आहेत."

"हो ना! शेजारच्या चिंधाभाऊंनाही घ्या. हनिमूनला माणसं कमी पडायला नकोत."

हा टोमणा होता, हे फक्त तिलाच कळलं. आबा खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "चिंधाले नाही नेता येत. बागेकडे पाह्यले कोन राहीन?" बोलता बोलता त्यांच्याच ध्यानात आलं, की सगळेच निघाले तर घडांवर नजर ठेवणारं कुणीच उरत नाही. "जाऊ द्या," आबा खाटेवर बसले. "औंदा राहू द्या. पुढल्या साली पाहू."

कुंदाच्या मनात एकाएकी लख्ख उजेड पडला. स्पेनमध्ये तिला हवं होतं तरी काय? समुद्र हवा होता, हे खरंच. पण त्याआधी हवं होतं, हाक न येणारं एक घर.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही तिघं जा. बागेकडे आम्ही दोघं बघतो."

पितांबरचा चेहरा पडला. बेबाबाईंनी पिठाचे हात सुनेच्या तोंडावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. दोन दिवसांत गावभर झालं, की सासू-सासऱ्यांना आपला हनिमून देणारी सून कलियुगात पाहिली नाही. बाया येऊन तिची ओटी भरून जायच्या. कुंदा हसून हसून थकली.

पासपोर्ट झाले, व्हिसा झाला, आणि तिघं धोतर-लुगड्यांसकट पाटलांच्या सहलीला रावेरच्या स्टेशनवरून रवाना झाली. पितांबर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ओरडत होता, "आबा, दोन रोपांतलं अंतर विचारा!"

कुंदा घरी आली, कपाटाची किल्ली खिळ्याला टांगली आणि पाय पसरून बसते न बसते, तोच ओट्यावर खाकरणं ऐकू आलं. चिंधाभाऊ.

"पोचले काय आबा?"

"भाऊ, अजून भुसावळ आलं नसेल."

ते तासभर बसले. मग त्यांची बायको आली. दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली. आबांचं विमान, आबांचं जेवण, आबांना तिथली भाषा कशी कळणार. प्रत्येकाला चहा. पितांबर प्रत्येकाला बसराई समजावत होता. तिसऱ्या दिवशी कुंदाने चहाचं पातेलं दाणकन ठेवलं आणि पदर खोचला.

चौथ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवायला बसलेली असताना, तिने पुढच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप घातलं. नवऱ्याचं मनगट धरून गोठ्याच्या बोळातून त्याला मागच्या दाराने आत आणलं आणि ते दार आतून लावून घेतलं.

थोड्या वेळाने ओट्यावर पावलं वाजली.

"कुलूप हाये बाप्पा," चिंधाभाऊंचा आवाज.

"कुठी गेले असतीन?" त्यांची बायको.

"कुठी म्हंजे? तेबी गेले वाटते स्पेनले. बोलले नाही पाह्य कोनाले!"

पितांबर उठायला लागला. "त्याला सांगून येतो, उद्या ट्रक—"

कुंदाने त्याची बाही धरून खाली बसवलं. "कुलूप बाहेरून आहे. आपण घरात नाही आहोत. एवढं तरी कळतंय ना तुम्हाला?"

तो बसला. खोलीत अंधूक उजेड होता. पावलं लांब गेली. केळी सोडून बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने कपाटाकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, आणि शेवटी विचारलं, "कुंदा, तुला तो समुद्र का पाहायचा होता?"

"आत्ता विचारताय?" ती फणकारली. मग तिने भिंतीला पाठ टेकली आणि सांगायला लागली. दुसरीत असताना वर्गात टांगलेल्या एका चित्रापासून तिने सुरुवात केली. वाक्य बरंच लांबलं. कुणाचीही हाक आली नाही. ते तिने निवांतपणे, थेट पूर्णविरामापर्यंत नेलं.