शिफारसपत्रातली चूक

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या डिपार्टमेंटच्या स्कॉलरशिप कमिटीवर मी पहिल्यांदाच बसले होते. मलावीतल्या एका मुलीचा अर्ज माझ्याकडे आला. विषय होता विहिरीच्या पाण्यातले जंतू. निबंध इतका नेटका, की मला तिथेच खटकलं. मग तिच्या सरांचं शिफारसपत्र उघडलं. 'लॅबोरेटरी' शब्दातलं एक अक्षर निबंधात गळलं होतं, पत्रातही नेमकं तेच. पत्र तिनंच लिहिलंय, अशी माझी खात्री झाली.

व्हिडिओ इंटरव्ह्यूत मी सरळ विचारलं, "हे पत्र कुणी टाइप केलं?"

"मी," ती म्हणाली. "सरांना आता स्क्रीनवरचं दिसत नाही. ते सांगत गेले, मी टाइप केलं. ते शेजारच्या खोलीत आहेत. बोलावू?"

एवढी तयारी? माझा संशय उलट वाढला. जाड चष्म्याचे एक वयस्क गृहस्थ येऊन बसले. कुणीही कुणालाही आणून बसवू शकतं, असं वाटलं. मी तिला बाहेर थांबायला सांगितलं.

"सर, पत्रात नुसतं कौतुक आहे. तिचं चुकलेलं काही सांगा."

ते म्हणाले, "एकदा आठवडाभर तिनं तापमान चुकीचं नोंदवलं. थर्मामीटर बिघडला होता. माझ्या लक्षातही आलं नसतं. तिनं स्वतः येऊन सांगितलं आणि सगळे नमुने पुन्हा घेतले. वही दाखवू?"

त्यांनी वही कॅमेऱ्यासमोर धरली. खोडलेली पानं, खाली दोघांच्या सह्या. मी तिच्या बाजूने मत दिलं. स्कॉलरशिप तिला मिळाली.

ऑगस्टमध्ये ती आली. कॅम्पसच्या बसमध्ये शेजारी बसून तिनं हळूच विचारलं, "तुम्ही सगळ्यांनाच असं विचारता?"

तिच्या इंटरव्ह्यूच्या दिवशीच मी पुण्याच्या एका मुलाचाही इंटरव्ह्यू घेतला होता. त्याचं पत्र त्यानंच लिहिलेलं, हे मला पहिल्या ओळीत कळलं होतं. भारतात आमच्या कॉलेजातही सर म्हणायचे, "तूच लिहून आण, मी सही करतो." माझं पत्रही मी तसंच लिहिलं होतं. त्याला मी काहीच विचारलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "फक्त तुला."

तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या सेमिस्टरला तिनं गाइड म्हणून माझ्याऐवजी दुसऱ्या प्रोफेसरांना निवडलं. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.