आक्कांचं मागलं फाटक

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी रहिमतपूरला माहेरी होते. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सांगलीला पोचले तर पुढच्या दारी दोन-चार मोटारी, आणि परसातल्या फाटकातून मात्र माणसांची रीघ लागलेली... ते फाटक नसतं तर त्यातली निम्मी माणसं हमरस्त्यानं वळसा घालून येईपर्यंत सगळं उरकलं असतं.

मळा प्लॉटसाठी विकायचा ठरला तेव्हा घरातले पुरुष म्हणाले, मळ्यातनं पलीकडं जायची पाणंदही देऊन टाकू, आता दारोदार गाड्या आल्यात, पाणंदीनं चालतंय कोण? आक्का चुलीपुढनं उठून सोप्यात आल्या. "आवं, रान इका की. पर पाणंद कशापायी? ती काय आपल्या एकट्याची हाय?" कुणी ऐकलं नाही, पाणंदही प्लॉटांत गेली. आमचं घर तेवढं दोन कॉलन्यांच्या मधोमध राहिलं. पुढचं दार एकीत, परसाची भिंत दुसरीला लागून. प्रत्येक कॉलनीला हमरस्त्यावर एकच तोंड, आतले सगळे रस्ते भिंतीपाशी संपलेले. पलीकडच्या शाळेची घंटा इकडे ऐकू यायची, पण पोरांनी जायचं ट्रकांच्या रस्त्यानं. याला म्हणे शहर वाढलं! मी म्हणते, सुजलं.

एका सकाळी आक्कांनी गवंडी बोलावून परसाची भिंत फोडली, फाटक बसवलं आणि वर त्याची कडी कापून घेतली. "कडी असली की कुणाला तरी कुलूप सुचतंय," म्हणाल्या. मग तिथंच खुर्ची टाकून भाजी निवडत बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला, "कुणाकडं निघालीस गं?" खरं सांगते, मला वैताग यायचा. माझ्या वाळत घातलेल्या साड्यांखालून अख्खं गाव वाकून जायचं. कुरकुरले की म्हणायच्या, "सुमे, तुझ्या साड्या तरी बघत्यात. तुला कोण बघतंय?"

आता कुणी असं बोलत नाही. आक्का, तुमची आठवण येते... लय येते.

तेरावं झालं आणि पुण्याहून आलेला त्यांचा लेक कुलूप घेऊन फाटकाशी गेला. कडीच नाही! उद्या वेल्डर आणतो म्हणाला. मी म्हटलं, "मी हाय तवर न्हाई. तुझ्या आईनं केलंय ते."

परवा भर दुपारी पलीकडच्या कॉलनीचे अध्यक्ष आले. मी आक्कांच्या खुर्चीत पावटा सोलत होते. "काकू, आता तरी हे बंद करा. कोणीही आत शिरतं."

"करूया की," मी म्हटलं. "पयलं तुमीच पुढच्या दारानं घरला जावा. हमरस्त्यानं, वळसा घालून."

त्यांनी पुढच्या दाराकडं पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. मग रुमालानं कपाळ पुसलं, माझ्या साडीखालून वाकले आणि मागल्या फाटकानं निघून गेले.