झाऱ्याचे दोन ठोके

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावाकडून आमच्या गावाला येताना रस्त्याला लागूनच एक गुऱ्हाळ आहे. दिवाळी झाली की सुरू होतं आणि होळीपर्यंत चालतं. माझे बाबा तिथे वीसेक हंगाम गुळव्या होते. चरकात ऊस कुणीही लावतं, कढईखालच्या चुलाणात वाळकी चिपाडंही कुणीही सारतं. पण उकळता रस कोणत्या क्षणी उतरवायचा, हे सांगणारा माणूस एकच असतो. घाई झाली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ जळून काळा पडतो. मालक वयाने लहान होता आणि बाबांना काका म्हणायचा.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुट्टीत आणि रविवारी मी गुऱ्हाळावर मळी काढायला जायची. रस तापला की त्यात भेंडीचं चिकट पाणी घालतात, मग सगळी घाण फेसाबरोबर वर येते. ती मळी लांब दांड्याच्या झाऱ्याने काढायची आणि झारा कढईच्या काठावर एकदा आपटून बादलीत झटकायचा. हे माझं सगळ्यांना दिसणारं काम. दुसरं काम आम्हा दोघांनाच माहीत होतं.

बाबांना मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन केलं तर महिना दीड महिना धुराजवळ, आगीजवळ जायचं नाही, म्हणजे हंगामच गेला. "होळी झाली की करू," असं ते दोन वर्षं म्हणत होते. वासावरून आणि उकळीच्या आवाजावरून त्यांना बरंच कळायचं. थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून पाहणंही त्यांना जमायचं. पण ती गोळी करून बघायची वेळ आली, हे आधी डोळ्यांनी ठरवावं लागतं. मोठे बुडबुडे बारीक होतात, पिवळा फेस तांबूस होतो, आणि तिथून पुढे फार वेळ नसतो. तेवढं मी बघायची. रंग फिरला की झारा काठावर एकदाऐवजी दोनदा वाजवायचा, असं आमचं ठरलं होतं. ठोके पडले की बाबा कढईवर वाकायचे, जणू स्वतःच बघून ठरवल्यासारखे, आणि ओरडायचे, "पाणी आण! जाळ थांबव!"

कुणाला संशय येऊ नये म्हणून ते मला सगळ्यांसमोर बोलायचे. "मॅडम, झोपल्या का?" "कॉलेजात झोपाचीच परीक्षा असते का बे?" जाळावर बसणारा गडी हसायचा. घरी येताना बाबा कधी म्हणायचे, "आज टायमावर वाजोलं तू." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. ते बोलणं खोटं आहे, हे मला माहीत होतं. तरी ते रोज थोडं थोडं आत जाऊन बसत होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एका रविवारी माझ्या वर्गातल्या तीन मुली आणि दोन मुलं मोटरसायकलींवरून गुऱ्हाळावर रस प्यायला आली. मी तिथे काम करते हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या डोक्याला फडकं बांधलेलं, हाताला कोपरापर्यंत मळी. एक मुलगी म्हणाली, "अगं, तू इथं?" मी झारा पुन्हा कढईत घातला.

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मालकाने बसायला बाज टाकली, पेले भरले. बाबांना कळलं की ही कॉलेजची पोरं आहेत, आणि त्यांना जोर चढला.

"तुमच्याच वर्गात हाये का हे?"

"हो काका."

"काय शिकोतात तिले तिथं? झारा बी धरता येत नाई. हिच्या जागी म्हैस आणून बांधली असती, त दूध तरी देल्लं असतं!"

गडी हसला, मालक हसला. मग माझ्या वर्गातली पोरंही हसली. मघाची ती मुलगी सगळ्यात जास्त. एका मुलाने मोबाइल काढून माझ्याकडे धरला आणि म्हणाला, "काका, पुन्हा म्हणा ना." बाबांनी पुन्हा म्हटलं. हसू येईल तसं, हात वर करून.

तेव्हा कढईत रंग फिरला.

मी हे लिहिताना इथे बऱ्याच वेळा थांबले. वाफ होती, धूर होता, लक्ष नव्हतं, असं काहीही लिहिता आलं असतं. पण मला स्वच्छ दिसलं होतं. बुडबुडे बारीक झाले, फेस कडेने तांबूस झाला, मग मध्येही झाला. बाबांची मान माझ्याकडे किंचित कललेली होती. ते ऐकत होते.

मी झारा काठावर आपटला. एकदा.

ते तसेच उभे राहिले. मी मनात आकडे मोजू लागले, का ते माहीत नाही. चाळीसच्या आसपास करपट वास आला. बाबा कढईवर झेपावले, "उतरवा! उतरवा!" म्हणून ओरडले. गड्यांनी कढई खाली घेतली तोवर तीन तासांचा रस डांबरासारखा झाला होता.

मालक बाजेवरून उठून आला. त्याने कढईकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"काका, बोटं किती हायेत?"

बाबांनी मान जरा पुढे केली.

"सांगा ना. पाहुणे हायेत. किती?"

"तीन," बाबा म्हणाले.

मालकाने मूठ मिटलेली होती. गडी एवढा हसला की त्याला ठसका लागला. माझ्या वर्गातलं मात्र आता कुणी हसलं नाही. ती पोरं पेले ठेवून निघून गेली.

"आंधया माणसाच्या हाती कढई देल्ली मी," मालक म्हणाला. "म्हताऱ्या, एवढे दिवस फसोलं तू मले." ज्याला तो काका म्हणायचा त्याला त्याने म्हताऱ्या म्हटलं, आणि त्या दिवशीच बाबांची जागा गेली. झाऱ्याच्या ठोक्यांबद्दल बाबांनी एक अक्षर काढलं नाही.

घरी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चालत होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "तुले दिसलं नाई का?"

"नाही बाबा. वाफ होती."

"हाव. वाफ होती खरी." मग म्हणाले, "पुस्तकं वाचून वाचून तुह्ये बी डोये गेले असतीन. माह्यासारखं करू नको. दाखवून घेऊ."

पुढच्याच आठवड्यात बुलढाण्याला डोळ्यांचं शिबिर होतं. आता हंगाम बुडण्याची भीती उरली नव्हती, म्हणून ते जायला तयार झाले. आणि मला सोबत नेलं ते माझे डोळे दाखवायला. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. नावनोंदणीची चिठ्ठी काढताना माझं नाव त्यांनी आधी सांगितलं.

त्यांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाकावर बसवलं होतं. तिथूनच दोन हातांवर मला खुर्चीत बसवून एक डोळा झाकायला सांगितला. समोर भिंतीवर अक्षरं, खाली खाली लहान होत जाणारी. पहिल्या तीन ओळी मी वाचल्या. चौथीला थांबले.

"दिसत नाही का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाबांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. मला दिसू नये, अशी ती आशा होती. मी दोन अक्षरं चुकवली असती तर ते सुखाने घरी गेले असते. मी का चुकवली नाहीत, हे मला अजून नीट सांगता येत नाही. दुसऱ्यांदा खोटं बोलवेना म्हणून, की खरं माझ्या तोंडून निघेना म्हणून ते भिंतीवरच्या अक्षरांवर सोपवलं?

मी चौथी ओळ वाचली. पाचवी, सहावी. शेवटची ओळ मी आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने, न अडखळता वाचली.

"अगदी छान डोळे आहेत हिचे," बाई म्हणाल्या. "काही झालेलं नाही."

बाबांनी शेजारून जाणाऱ्या नर्सला विचारलं, "बाई, ते शेवटली ओळ किती बारीक असते हो?"

"मोहरीएवढी, काका."

त्यांनी मान हलवली. ऑपरेशनची तारीख मिळाली. बाहेर पायऱ्यांपाशी औषधामुळे त्यांना काही दिसत नव्हतं. मी खांदा पुढे केला. त्यांनी तो चाचपला, हात काढून घेतला आणि जवळून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला म्हणाले, "भाऊ, मले जरा स्टँडपर्यंत सोडता का?"

त्या माणसाने त्यांचा हात धरला. मी त्यांची पिशवी घेऊन चार पावलं मागून चालत राहिले.

"मागून येते ते पोट्टी तुमची हाये का?" त्याने विचारलं.

"हाव," बाबा म्हणाले. "कॉलेजात शिकते. तिले सगळं दिसते."