पुसट हवा होता

एश्बॉर्नहून एस-बान लोकलने फ्रँकफर्टला जात होतो. शेजारच्या बाईंच्या लॅपटॉपवर एक माणूस हळू आवाजात म्हणत होता, “आई, मी मजेत आहे.” बाईंनी व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला घेतला आणि रिझोल्यूशन १०८० सोडून ३६० निवडलं. मला राहवेना.

“अहो, चेहरा पुसट होईल.”

“तेच हवंय,” स्कार्फच्या टोकाने स्क्रीन पुसत त्या म्हणाल्या. “हे हॉस्पिटलात आहेत. स्पष्ट पाठवला तर सासूबाईंना नाकातली नळी दिसेल. त्यांना आजाराचं सांगितलेलंच नाही.”

मी हादरलो. दर रविवारी असाच एक पाठवते, असं त्यांनीच सांगितलं.

फाइल तयार झाल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “बघा हो, दिसते का नळी?”

मी चष्मा सारखा करून नीट पाहिलं.

“दिसते,” म्हणालो. “अजून खाली या. २४० करा.”