घुबडाचं कार्ड

माझे भावोजी फ्रेमा करायचे. जुना कागद चिकटवायचा नाही, नुसता कापलेल्या कागदी कोपऱ्यांत अडकवायचा, असं गिऱ्हाइकांना दम देऊन सांगायचे. चिकटवलेला सोडवायला गेलं की मागची अक्षरं डिंकाबरोबर जातात.

ताईकडे लहानपणी चहाच्या पुड्यांतून जमवलेली पक्ष्यांची एकोणपन्नास कार्डं होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, तेव्हापासून ती दिवसभर कार्डांचा डबा घेऊन बसायची आणि संध्याकाळी तो भावोजींच्या उशाशी ठेवायची. हा माणूस डबा उचलून कपाटात ठेवायचा.

एक दिवस तिला खूश करायला त्यांनी, न विचारता, सगळी कार्डं फ्रेम करून पलंगासमोर टांगली. घरचंच काम, कोपरे कोण कापत बसणार, म्हणून चक्क डिंकाने चिकटवली. घुबड तेवढं वगळलं. आजारी माणसाच्या डोळ्यांसमोर नको, म्हणाले.

ताईने फ्रेम पाहिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "भरून आलंय तिला," ते मला म्हणाले.

ती गेल्यावर महिन्याभराने मी विचारलं, "भावोजी, कार्डांमागचं वाचायचात ना? तुमच्यासाठीच लिहायची ती."

"मागे छापील माहिती असते."

"तिच्याखाली, पेन्सिलने."

त्यांनी फ्रेमकडे पाहिलं. मग कपाटातून घुबड काढून उलटं केलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "मैनेच्या मागे विचारलंय, त्याचं उत्तर अजून दिलं नाहीत. मी वाट बघतेय."