गल्लीचा पहिला नंबर

घोळ भाच्यानेच घातला, आणि तोही अगदी मन लावून. शहरातल्या माणसांचं जगणं कसं चाललंय ते मोजायचं पालिकेने काढलं होतं. हवा, कचरा, पाणी, झोप, सगळ्याला एक ते पाच गुण. मोजणीसाठी घेतलेल्या पोरांत तो होता आणि त्याच्या वाट्याला नेमकी मावशीची गल्ली आली. आता लहान गावच्या शाळेत शिकलेला पोरगा तो. कमी मार्क पडले म्हणून कुणाला बक्षीस मिळाल्याचं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो दारोदार लोकांना दटावत सुटला, "दोन काय सांगता? पाच म्हणा, पाच! गल्लीचं नाव निघेल."

"पाण्यालापण पाच?" मावशीने विचारलं. गल्लीत नळ नव्हताच, एक दिवसाआड टँकर यायचा.

"टँकर येतो ना? मग?"

"बरं बाबा. तू शिकलेला."

गल्ली पहिली आली. भाचा दोन दिवस कॉलर ताठ करून फिरला. मग कळलं, की नवी पाइपलाइन गुणांत तळाला आलेल्या गल्ल्यांना आधी मिळणार, आणि इथली माणसं सुखात आहेत म्हटल्यावर इथला टँकरही तिकडेच वळवलाय.

मावशीची उभी हयात पाण्यात गेली होती. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती चादरी धुवायची. गुडघे तिथेच ठेवून आली, असं काका म्हणायचे. काका इमारतींना रंग देत. परांचीवरून पडले, ते कमरेखाली लुळेच झाले. खिडकीजवळच्या खाटेवर पडून जिभेचा पट्टा मात्र चालू. पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "रोज दोनदा धुवा, चादर बदला. जखम चिघळून आत गेली, तर माणूस हातचा जाईल."

टँकर होता तोवर मावशी हे निभावत होती. आता लाकडाच्या वखारीमागचा हापसा, तिथली भांडणं, आणि तीन जिने. भाचा कामाच्या आधी चार कॅन आणी, कामानंतर हापसा कोरडाच असे. मावशी कठड्याला धरून एकेक पायरी चढे आणि वर येईपर्यंत निम्मी बादली जिन्याला पाजलेली असे. मग जखम दोनदाची एकदा धुतली जाऊ लागली, आणि एकदाचीही कधी राहू लागली. खोलीत वास येऊ लागला. त्या वासाबद्दल कुणी बोलत नव्हतं, काकासुद्धा.

भाचा पालिकेच्या ऑफिसात मोजणीच्या मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "चूक माझी आहे. मीच पाच सांगायला लावलं."

"नवी मोजणी पाच वर्षांनी."

"पाच वर्षं माझे काका जगणार नाहीत, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. "फेरतपासणीला माणूस पाठवते. एका घरात जरी पाण्याला एक पडला, तरी टँकर परत मिळेल. पण बोलायचं घरच्यांनी. तू तोंड उघडायचं नाहीस."

भाच्याने मावशीची उजळणी घेतली. "विचारलं की म्हणायचं, पाणी नाही. दोन शब्द."

"पाणी नाही. एवढं न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तपासनीस आला तो म्हातारा, स्थूल, तीन जिन्यांनी पार पिळून काढलेला. दारात भिंतीला धरूनच उभा राहिला. मावशी लगबगीने म्हणाली, "अगं बाई, बसा बसा!" खुर्ची पुढे सरकवली आणि मागच्या दाराने गेली. भरलेला तांब्या घेऊन आली. त्याने घटाघटा दोन पेले रिचवले.

"थंडगार आहे हो. पाण्याचं कसं आहे तुमच्याकडे?"

भाच्याने डोळे वटारले. मावशीने त्या घामेजल्या माणसाकडे पाहिलं, हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

"भागतं," ती म्हणाली. "काही कमी नाही."

"मला तर बसल्या जागी अंघोळ," खाटेवरून काका म्हणाले. "राजाची चैन आहे!"

"खोटं बोलताहेत!" भाचा ओरडला. "वास येत नाही तुम्हाला?"

"तुम्ही मोजणीतले ना? तुमचं धरता येत नाही," म्हातारा ओशाळून म्हणाला. वास त्यालाही आला असणार. पण त्याने जे ऐकलं तेच लिहिलं आणि कठड्याला धरत उतरून गेला.

"मावशी, दोन शब्द होते गं. दोन!"

"दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणू? हातात तांब्या धरून?" ती तडकली आणि मग खाटेच्या कडेवर मटकन बसली. "जीभच वळली नाही रे."

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझी तर नको तिथे वळली."

भाच्याने चादर बाजूला केली. पट्टी जखमेला चिकटली होती. ती भिजवून सोडवायला हवी होती. त्याने पिंप तिरकं केलं, आत पेला घातला. पेला तळाला घासला.

"तांब्यात उरलंय थोडं," मावशी हळूच म्हणाली. "पण ते खालच्या शिंपिणीचं आहे. उसनं मागून आणलं मघाशी."

त्याने तांब्या पट्टीवर ओतला. काकांनी दात आवळले.

खालून शिंपिणीची हाक आली, "अहो, तांब्या देता ना? पोरगी शाळेतून यायची झाली. आणि भरून द्या हं, रिकामा नको!"

"देते गं, आत्ता देते," मावशी वरून म्हणाली. भाचा दोन कॅन उचलून हापशाकडे निघाला. हापसा त्या वेळेला कोरडाच असतो, हे तिघांनाही माहीत होतं.